चिकूच्या वाडीलगतच्या वडावरील वटवाघळे: वड तोडावा का?

प्रश्न – बागायतदार, डहाणू तालुका
आमच्या चिकूच्या वाडीलगतच्या जुन्या वडावर मोठ्या वटवाघळांची वसाहत आहे. सकाळी झाडांखाली अर्धवट खाल्लेले चिकू सापडतात, म्हणून वड तोडावा असे काही भागीदारांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. परंतु नुकसानीवर उपाय सुचत नाही आणि घरात निपाह या विषाणूजन्य आजाराची धास्तीही आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – वनस्पती अभ्यासक
वड कृपया तोडू नका. ही वटवाघळे अन्न शोधताना डोळे आणि नाक यांवर विसंबतात आणि पिकलेलीच फळे पसंत करतात. आपण चिकू कच्चा पण तयार असताना उतरवतो, त्यामुळे त्यांच्या वाट्याला मुख्यतः तोडणीत राहून गेलेली, झाडावरच पिकलेली फळे येतात. तोडणी वेळेवर आणि काटेकोर झाली, तर नुकसान बरेच घटेल. वड, पिंपळ, उंबर यांची फळे त्यांचा मोठा आधार आहेत. फळ चावून, टाळूवर दाबून रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा, ही त्यांची रीत. उंबराच्या बारीक बिया मात्र पोटात जातात आणि उडता उडता विष्ठेतून दूरवर पडतात. जुन्या भिंतींवर उगवलेल्या पिंपळाच्या रोपांमागे पक्ष्यांप्रमाणे वटवाघळेही असतात.

उत्तर २ – निवृत्त वनकर्मचारी
१९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, हा मोठा अन्याय होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. निपाहचा विषाणू या वटवाघळांत आढळतो हे खरे, परंतु वसाहत उधळल्याने प्राणी सैरभैर होऊन इतरत्र पसरतात. उष्टी फळे खाऊ नयेत, गुरांना घालू नयेत, खाली पडलेल्या पिल्लाला उघड्या हाताने उचलू नये. एवढे कटाक्षाने पाळावे.

उत्तर ३ – फळबागधारक
जाळी लावायची तर बारीक वीण असलेली आणि ताणून बांधलेली लावा. सैल जाळीत वटवाघळे अडकून मरतात. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते आणि सुरुवातीचे काही आठवडे ते आईच्या पोटाला बिलगून असते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुमारास वडाची फांदीसुद्धा छाटू नका.