नाळेच्या रक्ताची तपासणी सक्तीची करा: चर्चा

कृष्णाकाठ, सांगली
जन्मल्याबरोबर नाळेतलं रक्त तपासलं की बाळाच्या मेंदूला इजा होणार का, हे तिथल्या तिथं कळतं. मग जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाला ही तपासणी सक्तीची का नाही? मागं पुरावा राहायला नको म्हणूनच ती टाळतात, हे माझं स्पष्ट मत.

मिरजेची सिस्टर
दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. नाईट उतरून घरी आले आणि चहाच्या आधी हे लिहायला बसले. एकोणीस वर्षं नवजात विभागात आहे.

नाळेच्या रक्ताचा पीएच, म्हणजे रक्तातलं आम्ल मोजणारा आकडा (जितका खाली तितकं आम्ल जास्त), सांगतो तो बाळ बाहेर येईपर्यंत किती घुसमटलं ते. पुढं काय होणार ते नाही. पीएच ७.० च्या खाली आलेली बहुतेक बाळं नीट वाढतात. उलट पीएच चांगला असलेलं बाळ तिसऱ्या दिवशी साखर उतरून झटके देताना मी मांडीवर धरलंय. कावीळ डोक्यात चढली तर तीही नाळ सांगत नाही.

आणि रक्त काढायचं कसं? नाळेत दोन धमन्या असतात, दोऱ्यासारख्या बारीक, आणि एक फुगीर शीर. बाळाकडून येणारं रक्त धमनीत, वारेकडून शुद्ध होऊन येणारं शिरेत. पहाटे तीनला एकटीच सिस्टर असते, सुई सोप्या जागी म्हणजे शिरेत जाते आणि आकडा आहे त्यापेक्षा चांगला येतो. सक्ती केली की असेच आकडे फायलीत भरतील.

विट्याची आई
ताई, तुमचं सगळं बरोबर असेल. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, अजून मान धरत नाही. जन्मला तेव्हा रडला नाही, मी टेबलावर होते, कान लावून होते. फायलीत मात्र लिहिलंय, ‘बाळ लगेच रडलं’. सासूबाई आजही म्हणतात, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून झालं. एक आकडा असता तर तो कागद त्यांच्यापुढं धरला असता. पुढचं कळो न कळो, मागचं तरी कळलं असतं ना?

कऱ्हाडकर बालरोगवाला
सिस्टरांशी सहमत. समजा आकडा वाईट आला, मग करणार काय? मेंदू वाचवायला बाळाचं अंग ३३.५ अंश सेल्सियसवर ७२ तास थंड ठेवायचं, तेही जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू करून. परदेशात याचा फायदा दिसला. पण भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरचा हेलिक्स अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात थंड केलेली ४२ टक्के बाळं गेली, न केलेली ३१ टक्के. त्यामुळं नुसत्या आकड्यावर उडी मारता येत नाही. बाळ किती सुस्त आहे, ओढतं का, दचकतं का, हे पुन्हा पुन्हा बघावंच लागतं.

जतकर
६ तास म्हणे! माझ्या मेव्हणीचं बाळ घेऊन आम्ही जतहून मिरजेला निघालो. हंगाम जोरात. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, साइड देईना. बाळाच्या नाकाला ऑक्सिजन, मी खिडकीतून ओरडतोय. पोचलो तेव्हा सिलिंडर संपत आला होता. आधी रस्ता मोकळा करा, मग रक्त तपासा.

कृष्णाकाठ, सांगली
ऊसवाल्यांवर घसरायचं कारण नाही. ट्रॅक्टर भाड्याचा, ड्रायव्हर बीडकडचा, कारखान्यावर नंबर चुकला तर ऊस वाळतो आमचा.

जतकर
तुमचा ऊस वाळतो, आमचं बाळ निळं पडलं होतं! लाज वाटू द्या.

पाटणची सूनबाई
ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायला किती पैसे लागतात हो? माझा दीर अशाच ट्रॉलीला मागून धडकून गेला. कृष्णाकाठ, तुम्ही तुमच्या टोळीच्या ट्रॉलीला लावलेत का, एवढंच सांगा.

कृष्णाकाठ, सांगली
मागच्या साली नव्हते. यंदा लावतो. आता यावर बास.

इस्लामपूरचा बाबा
नाळेवरून आठवलं. आम्हाला नाळेचं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा एजंट सातव्या महिन्यात भेटला, मेंदूचे आजार बरे होतील म्हणाला. कर्ज काढून हप्ते भरतोय. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, अशा खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही, हे नंतर कळलं. तपासणी आणि साठवणूक वेगळी आहे हे तरी लोकांना सांगा.

मिरजेची सिस्टर
विट्याच्या ताई, तुमचं वाचल्यापासून झोप लागली नाही. माझा एक हट्ट सोडते. सरसकट सक्तीला माझा विरोध आहेच. पण बाळ रडलं नाही, पोटात त्याचे ठोके कमी झाले होते, तर नाळेला दोन्हीकडं चिमटे लावून तुकडा बाजूला ठेवावा आणि तासाभरात धमनीतलं रक्त तपासावं. मशीन नसेल तिथं निदान बाळ कधी रडलं ती खरी वेळ तरी लिहावी.

कृष्णाकाठ, सांगली
‘प्रत्येक’ हा शब्द मागं घेतो. पुरावा टाळतात हे मागं घेणार नाही, विट्याच्या ताईंची फाईल वाचल्यावर तर नाहीच.

मिरजेची सिस्टर
ताई, फायलीत अपगार, म्हणजे जन्मल्यावर बाळाचा श्वास, ठोके, रंग बघून दिलेले दहापैकी गुण, किती लिहिलाय? एक मिनिटाचा आणि पाच मिनिटांचा?

विट्याची आई
दोन्हीकडं ८. पहिल्या आठाखाली खोडल्यासारखं दिसतंय, उजेडात धरलं की ३ वाटतो.

मिरजेची सिस्टर
फोटो काढून ठेवा, पान फाडू नका. गुरुवारी माझी सुट्टी आहे. लेकराला आणि फाईल घेऊन दुपारी मिरजेला या, स्टँडवर मी येते.