एआर-१५ साठी .२२ चा संच घ्यावा, अपर बदलावा की वेगळी रायफलच घ्यावी?

घोडबंदरकर (ठाणे) :

माझा धाकटा भाऊ बरीच वर्षे अ‍ॅरिझोनात असून आता तेथील नागरिक आहे. त्याच्याकडे ५.५६ मिमीची अर्धस्वयंचलित एआर-१५ रायफल आहे. नळी १६ इंची आणि नळीच्या आतील चरांचा पीळ १:७, म्हणजे सात इंचांत एक फेरा. दर रविवारी सराव करायचा म्हटले की काडतुसांचा खर्च फार होतो, आणि त्याच्या पत्नीलाही शिकायचे आहे, म्हणून .२२ या लहान, स्वस्त काडतुसावर यावे असे त्याने ठरवले आहे. त्याच्यापुढे तीन मार्ग आहेत : केवळ बोल्टच्या, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणाऱ्या भागाच्या, जागी बसणारा रूपांतर संच घेणे, नळीसह वरचा संपूर्ण भाग म्हणजे अपर .२२ चा घेणे, किंवा तशाच घडणीची वेगळी .२२ रायफल घेणे. महाविद्यालयात असताना मी एनसीसीत .२२ चालवली होती, त्यामुळे आमच्या घरात बंदुकीचा विषय निघाला की मलाच विचारण्याची रीत पडली आहे. परंतु ती प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावी लागणारी रायफल होती, आणि अर्धस्वयंचलित रायफलीतले मला काहीच कळत नाही. भाऊ दिवाळीत ठाण्याला येत आहे. संच तोवर घेतला असेल तर तुला दाखवायला आणतो, असेही म्हणाला आहे.

निवृत्त आरमोरर (खारघर) :

घोडबंदरकर साहेब, शस्त्रे दुरुस्त करणारा आरमोरर म्हणून माझी नोकरी इन्सास ही आपली रायफल उघडण्यात आणि जोडण्यात गेली. एआर-१५ मी दुरुस्त केलेली नाही, परंतु तत्त्व समजले तर निवड सोपी होईल. ५.५६ च्या गोळीमागील वायूचा काही अंश एआर-१५ मध्ये नळीवरील छिद्रातून एका बारीक नळकांड्यात जातो, तेथून बोल्टच्या गाड्यात येतो आणि बंद बोल्ट उघडतो. .२२ च्या काडतुसात एवढा जोर नसतो. म्हणून संचातील बोल्ट हलका असतो, त्याला कुलूप नसते, आणि काडतुसाचे रिकामे कवच, म्हणजे केसच त्याला मागे ढकलते. दुसरे कारण असे की .२२ मध्ये पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या घेरात असतो, त्यामुळे मध्यभागी आदळणाऱ्या मूळ फायरिंग पिनचा त्याला उपयोग नाही.

मग तीच नळी कशी चालते? .२२ च्या गोळीचा व्यास सुमारे .२२३ इंच आणि ५.५६ च्या गोळीचा .२२४ इंच आहे. साऱ्या रूपांतराचा डोलारा या योगायोगावर उभा आहे. साम्य मात्र येथेच संपते. ४० ग्रेन वजनाची .२२ गोळी सेकंदाला साधारण ३६५ मीटर वेगाने निघते, तर ५५ ग्रेनची ५.५६ गोळी साडेनऊशे मीटरच्याही पुढे जाते. .२२ ची नळी बहुधा १:१६ पिळाची असते. आपल्या भावाच्या १:७ नळीत मऊ शिशाच्या गोळीला गरजेच्या दुपटीहून अधिक फिरकी मिळेल, शिवाय चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, संचाचा जो अ‍ॅडॅप्टर बसतो त्यातून निघून ती चरांपर्यंत काहीशी मोकळी धावेल. अमेरिकन सैन्यानेही स्वस्त सरावासाठी एम-१६ ए-१ करिता एम-२६१ नावाचा असा संच वापरला होता, परंतु त्या रायफलीचा पीळ १:१२ होता, हे विसरू नये. ग्रुपिंगची, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ पाडण्याची हौस असेल तर संच घेऊ नये, असे माझे मत आहे.

मूळ नेरूळकर (सध्या अ‍ॅरिझोना) :

आरमोरर काकांचे तांत्रिक विवेचन अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला थोडा कडक वाटतो. मी स्वतः तीन वर्षे १:७ नळीवर संच वापरला. पन्नास यार्डांवर माझ्या दहा गोळ्या मुठीएवढ्या जागेत पडत, जे कागदावर मिरवण्यासारखे नव्हे. पण पंचवीस यार्डांवर उभ्याने चाप दाबण्याची, मॅगझिन बदलण्याची आणि सेफ्टी हाताळण्याची सवय करायला ते पुरेसे होते, कारण चाप, दस्ता आणि वजन तेच राहते. संच बसवायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

खरा जाच दुसराच आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. .२२ चे मेण, शिसे आणि न जळलेली दारू वायूच्या छिद्रात व नळकांड्यात साचते. शेवटी ५.५६ च्या काही गोळ्या झाडल्या की ते साफ होते असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण अ‍ॅडॅप्टरच्या पुढच्या टोकाशी, जेथून चर सुरू होतात तेथे, साचलेले शिसे आधी ब्रशने काढल्याशिवाय मी ५.५६ भरत नाही. उघड्या शिशाऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या आणि अधिक वेगाच्या गोळ्या घ्याव्यात. मंद गोळ्यांनी बोल्ट पुरता मागे येत नाही. शिवाय दोन्ही काडतुसांचा नेम वेगळा लागतो, त्यामुळे दर रविवारी साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन फिरवा आणि पुन्हा पूर्ववत करा, हे आलेच. याच कंटाळ्याने मी शेवटी .२२ चा अपर घेतला. त्याची नळी १:१६ आहे, नळकांड्याचा प्रश्न नाही, आणि त्याच्यावरची साइट त्याच्यावरच राहते.

तरीही आपल्या भावाला मी तिसरा मार्ग सुचवेन, कारण शिकणारी दोन माणसे आहेत आणि संच किंवा अपर घेतला तरी रायफल एकच राहते. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ बरीचशी पॉलिमरची असून अडीच किलोच्या आसपास आहे. नवशिक्याला ती पेलते. तिचा वरचा भाग एआर-१५ वर बसत नाही, म्हणून ती घेऊन पुढे भाग अदलाबदल करू असा बेत आखू नये. येथील संघीय कायद्यानुसार एआर-१५ चा क्रमांक असलेला खालचा भाग म्हणजेच बंदूक, त्यामुळे संच वा अपर फॉर्म न भरता मिळतो. पूर्ण रायफलीला मात्र विक्रेत्याकडे फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी लागते.

वकील (वाशी) :

निवड काहीही होवो, संच दिवाळीत ठाण्याला आणू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही शस्त्रांतच मोडतात आणि रूपांतर करण्यासही परवाना लागतो. त्याहून अधिक काळजी काडतुसांची घ्यावी. रेंजवर नेलेलीच बॅग प्रवासाला वापरली जाते, कोपऱ्यात एक .२२ अडकून राहते, आणि विमानतळावरील क्ष-किरण यंत्रात ती दिसली की पुढची दिवाळी पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात जाते.

घोडबंदरकर (ठाणे) :

सर्वांचे आभार. काल रात्री भावाशी बोललो. त्याच्या रेंजवरील .२२ ची रांग पंचवीस यार्डांचीच आहे, तरीही साइट दर आठवड्याला फिरवण्याचे ऐकून त्याने संचाचा विचार सोडला आणि वेगळ्या रायफलीकडे तो वळला आहे. वकील साहेबांचा मजकूर त्याला वाचून दाखवला, तेव्हा तो फोन तसाच ठेवून बॅग झटकायला गेला; बाजूच्या खिशात दोन रिकामी केस सापडली. आता येताना तो नवीनच बॅग घेणार आहे.