मदत हवी आहे: हॅरिसन ज्युनियरला ठेवू की सोडू?

जर्सीकर
२०२४ च्या हंगामाचा सुपरबोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) संपला आणि आमच्या फँटसी लीगमध्ये अदलाबदल सुरू झाली. माझ्याकडे मार्विन हॅरिसन ज्युनियर आहे, समोरचा त्याच्या बदल्यात चार्जर्सचा लॅड मॅककॉन्की द्यायला तयार आहे. हॅरिसनचं पहिलं वर्ष ६२ झेल, ८८५ यार्ड, ८ टचडाउन. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) चौथा उचललेल्या रिसीव्हरकडून, म्हणजे पास झेलणाऱ्याकडून, मी जास्त धरलं होतं. पोरगा पुढे चमकेल का? उद्या रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय, लवकर सांगा.

कोथरूड_ते_कोलंबस
लीग कसली ते लिहा आधी. संघ दरवर्षी नवा निवडता की खेळाडू कायम ठेवता? नुसत्या झेलाला गुण आहे का?

टेक्सासवासी
डोळे मिटून घ्या मॅककॉन्की! ८२ झेल, ११४९ यार्ड, ७ टचडाउन. प्लेऑफमध्ये ह्यूस्टनविरुद्ध १९७ यार्ड. चार्जर्स हरले तरी हा एकटा आमच्या बचावाला पुरून उरला. आणि पास फेकायला क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्ट आहे.

कोथरूड_ते_कोलंबस
अहो, नुसते यार्ड काय मोजता? मॅककॉन्की बराचसा आत, स्लॉटमध्ये खेळतो, तिथे सुटायला जागा मिळते. हॅरिसनला ॲरिझोनाने कडेला उभं केलं. समोर तगडा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) आणि लांबचे पास. ११६ वेळा त्याच्याकडे चेंडू गेला तेव्हा ६२ हाती लागले, त्यातले कित्येक चेंडू मुळातच अवघड होते. ओहायो स्टेटला असताना मी त्याला मैदानात पाहिलंय. कडेच्या रेषेवर दोन्ही पाय आत ठेवून झेल घेण्याची त्याची हातोटी शिकवून येत नाही.

टेक्सासवासी
कॉलेजमधलं कौतुक एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, चालत नाही. चेंडूवर झडप घालायच्या वेळी तो मला कमी पडताना दिसला. ॲरिझोनात ट्रे मॅकब्राइडने टाइट एंड (अडवणं हेही काम असलेला खेळाडू) असून १११ झेल घेतले, म्हणजे क्वार्टरबॅक कायलर मरेचा भरवसा कुणावर होता ते दिसतंच.

फीनिक्सची_मावशी
ॲरिझोना आमच्या गावचा संघ आहे, सगळे सामने बघते. पहिल्या सामन्यात बफेलोविरुद्ध एक झेल, ४ यार्ड. पुढच्याच आठवड्यात रॅम्सविरुद्ध पहिल्या क्वार्टरमध्येच १३० यार्ड आणि २ टचडाउन! अंगात गुण नसता तर ते घडलं नसतं. पण तो कुठे उभा राहणार हे समोरच्यांना आधीच कळत होतं. त्याला जागा बदलून खेळवलं पाहिजे, मी वर्षभर हेच ओरडतेय.

वेगप्रेमी
दोघंही नकोत. कॅन्सस सिटीचा झेवियर वर्दी मागा. ४० यार्ड ४.२१ सेकंदांत, आजवरचा विक्रम. सुपरबोलमध्ये कॅन्सस सिटी हरली तरी त्याचे १५७ यार्ड आणि २ टचडाउन. हॅरिसन तर कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) धावलाच नाही!

कोथरूड_ते_कोलंबस
जॉन रॉस आठवतोय? ४.२२ पळाला, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये नववा गेला. पहिल्या वर्षी झेल शून्य. घड्याळ बघून रिसीव्हर निवडायचा नसतो.

जर्सीकर
लीग डायनेस्टी आहे, खेळाडू कायम राहतात. झेलाला एक गुण. माझा संघ यंदा जिंकण्याच्या बेतात नाही.

फीनिक्सची_मावशी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! यंदा जिंकायचंच नसेल तर घाई कशाला? रिसीव्हर दावांते ॲडम्सला पहिल्या वर्षी ३८ झेल, दुसऱ्या वर्षी ४८३ यार्ड आणि एकच टचडाउन. लोकांनी त्याला निकालात काढलं होतं. तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड, १२ टचडाउन.

टेक्सासवासी
एक ॲडम्स दाखवाल, मी दहा बुडालेले दाखवेन. जस्टिन जेफरसनने २०२० मध्ये पहिल्याच वर्षी १४०० यार्ड काढले, जमार चेसने पुढच्या वर्षी १४५५. खरे मोठे लगेच दिसतात.

कोथरूड_ते_कोलंबस
मग हॅरिसनच्या वडिलांचं काय? थोरला मार्विन हॅरिसन, १९९६, पहिलं वर्ष: ६४ झेल, ८३६ यार्ड, ८ टचडाउन. मुलाचे आकडे शेजारी ठेवून बघा. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग १९९८ ला आला, १९९९ मध्ये थोरल्या हॅरिसनचे ११५ झेल आणि १६६३ यार्ड. आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. क्वार्टरबॅक आणि वापर बदलला की रिसीव्हर बदलतो, एवढंच मला म्हणायचंय. पोरगा वडिलांइतका होईलच असं नाही.

नवीन_पालक
जरा अवांतर. मुलगा नऊ वर्षांचा आहे, क्रिकेट की फ्लॅग फुटबॉल? डोक्याला मार लागण्याची भीती वाटते.

वेगप्रेमी
फ्लॅगमध्ये अंगावर धडकणं नाही, कमरेची पट्टी ओढायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि फ्लॅग फुटबॉल दोन्ही आहेत. पाय वेगवान असतील तर फ्लॅगच.

फीनिक्सची_मावशी
त्यासाठी वेगळा धागा काढा ना. जर्सीकर, समोरच्याकडून मॅककॉन्कीच्या जोडीला ड्राफ्टची निवड (नवा खेळाडू उचलायचा हक्क) मिळतेय का?

जर्सीकर
सध्या नाही. पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली मागून बघतो.

टेक्सासवासी
पहिल्या फेरीतली कोण देईल? दुसऱ्या फेरीतली मागा, मिळाली तर लगेच हो म्हणा.

कोथरूड_ते_कोलंबस
पहिल्या फेरीतलीच मागा. नाही म्हणाला तर हॅरिसन ठेवा. आणि तुमचे बाकीचे रिसीव्हर कोण ते अजून सांगितलंच नाहीत!