स्टिकी नोट्सवर पासवर्ड ठेवलेत, त्याला कुलूप लावता येतं का?

रिटर्नवाला:
मंडळी, एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, साठेक क्लायंटचे जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे लॉगिन माझ्या पीसीवर विंडोजच्या पिवळ्या स्टिकी नोट्समध्ये आहेत, म्हणजे स्क्रीन उघडली की अर्धी भिंत पिवळी. काल क्लायंट शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणतो, अहो हा तर माझ्या मेव्हण्याचा पासवर्ड 😐 आता सर म्हणतात त्या नोट्सना पासवर्ड लाव. पण तसं काही बटणच सापडत नाहीये. विंडोज १० आहे.

खटपट्या:
सापडणार नाही, कारण नाहीच आहे. त्या सगळ्या नोट्स एका साध्या एस्क्यूलाइट (म्हणजे छोट्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये असतात, प्लम नावाची, तुमच्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरात लोकल, मग पॅकेजेस, मग स्टिकी नोट्सचं लांबलचक नावाचं फोल्डर, त्यात लोकलस्टेट. आधी ॲप बंद करा, मग त्या फाइलची कॉपी करून नोटपॅडमध्ये उघडा आणि एखाद्या क्लायंटचं नाव शोधा. शेजारी त्याच नावाची पण शेवटी डॅश डब्ल्यूएएल लागलेली फाइल दिसली तर तीही बघा, ताजं लिहिलेलं कधीकधी तिच्यात असतं.

रिटर्नवाला:
अरे देवा. सगळा कचरा कचरा अक्षरं आणि मधेच स्वच्छ "पाटील ट्रेडर्स" आणि खाली पासवर्ड, जसाच्या तसा. मागच्या महिन्यात हार्ड डिस्क रिपेअरवाल्याकडे दोन दिवस होती!!

नाशिकचा द्राक्षबागायतदार:
एवढं घाबरायचं काय त्यात, विंडोजचं आख्खी डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू करा, विषय संपला.

खटपट्या:
नाही हो दादा, संपत नाही. बिटलॉकर असतं तर रिपेअरवाल्याला नुसत्या डिस्कमधून काही वाचता आलं नसतं, तेवढ्यापुरतं बरोबर, ते चालू कराच (विंडोजची होम एडिशन असेल तर पूर्ण बिटलॉकर मिळत नाही, ते बघून घ्या). पण एकदा लॉगिन केलं की विंडोजच्या लेखी सगळं उघडंच, मेव्हण्याचा पासवर्ड तसाच दिसणार. ती दोन वेगळी दुखणी आहेत.

मनीषा_ताई:
आमच्याकडे हेच झालं होतं म्हणून सांगते, कीपासएक्ससी घ्या, पासवर्ड सांभाळायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट. प्रत्येक क्लायंटची एक एंट्री, आणि तिच्यात खाली नोट्सचा चौकोन असतो, त्यात "ओटीपी मुलाच्या नंबरवर जातो, दुपारी फोन करू नये" असलं सगळं लिहिता येतं आणि तेही एन्क्रिप्ट होतं, कारण सगळं एकाच फाइलमध्ये जातं आणि ती आख्खी फाइलच कुलूपबंद. पासवर्ड कॉपी केला की १० सेकंदांनी क्लिपबोर्डवरून आपोआप पुसला जातो, सुरुवातीला वैताग येतो 😄 थोडा वेळ हात लावला नाही तर लॉक व्हायचं सेटिंग पण आहे, ते चालू करा. एकच गोष्ट, ती फाइल उघडायचा मास्टर पासवर्ड विसरलात तर कोणीही उघडून देणार नाही, तो कागदावर लिहून सरांच्या कपाटात ठेवा. हो, कागदावरच, हसू नका. आणि त्या फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर.

खटपट्या:
+१. आणि नोट डिलीट केली म्हणजे गेली असं समजू नका, एस्क्यूलाइट ती जागा मोकळी आहे एवढीच खूण करतं, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथे राहू शकतो. त्यामुळे पासवर्डच बदला, सगळे. शिवाय स्टिकी नोट्समध्ये कोणाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट साइन इन आहे ते बघा, असेल तर नोट्स क्लाउडवर पण गेल्यात.

रिटर्नवाला:
बघितलं. सरांच्या मुलाचं अकाउंट आहे, त्यानेच पीसी सेट करून दिला होता. त्याच्या फोनवर वननोटमध्ये आमचे साठ क्लायंट दिसतायत, पोरगं बारावीत आहे 🤦

साइन आउट केलं, नोट्स कीपासमध्ये हलवल्या, तीन तास गेले. पासवर्ड बदलायला घेतलेत पण प्रत्येकाला ओटीपीसाठी फोन करावा लागतोय, आतापर्यंत अकरा झाले. आणि सर केबिनमधून अजून ओरडतातच, "अरे, पाटीलचा पासवर्ड काय रे?" बाहेर चार क्लायंट बसलेले.

मनीषा_ताई:
त्याला सॉफ्टवेअर नाही हो अजून.