दोन व्हॅनिशिंग पॉइंट, तीनच रंग: वाड्याच्या चित्रात खोलपणा येत नाहीये

रंगपेटी
कलेच्या फाउंडेशन कोर्सच्या सबमिशनसाठी जुन्या वाड्याचा कोपरा आणि बाजूची गल्ली जलरंगात करतेय. हाफ इम्पिरिअल (22 बाय 15 इंची) कागद, आडवा, 300 जीएसएम जाडीचा. रंग फक्त अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). वाड्याचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा अंगावर येतोय आणि गल्लीच्या टोकाची घरं मागे जातच नाहीत. चूक रेखाटनात आहे की रंगात?

ड्रॉइंगपिन
कोपरा रेखाटनामुळे बिघडलाय. दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात ते बिंदू, कागदातच बसवलेत ना? कोपऱ्याच्या तळाशी दोन्ही भिंतींच्या रेषांमधला कोन मोजा. 90 अंशांपेक्षा कमी भरला तर बिंदू फार जवळ आहेत.
कागद फरशीवर चिकटवा, क्षितिजरेषा (डोळ्यांच्या पातळीची आडवी रेषा) दोन्हीकडे मास्किंग टेपवर वाढवा. 22 इंची कागदाला डावा बिंदू कडेपासून 8 इंच बाहेर, उजवा 20 इंच. समान अंतर टाळा, दोन्ही भिंती सारख्याच आवळतात आणि चित्र निर्जीव होतं. बिंदूवर दोऱ्याचं टोक चिकटवलं की पट्टी लागत नाही, दोरा ताणायचा आणि खुणा करायच्या.
खांबांमधलं अंतर अंदाजाने कमी करू नका. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून रेषा काढा. ती तळरेषेला छेदेल तिथे तिसरा.

गेरू
मागची घरं पुढे येतात ती बहुतेक खिडक्यांमुळे. रंग कमी असले की एकच गडद मिश्रण कालवून जवळच्या-लांबच्या सगळ्या खिडक्या उरकल्या जातात. तो गडद फक्त जवळच्या कोपऱ्यापाशी ठेवा. आधी पोस्टकार्डएवढं पेन्सिल स्केच करा, टोन (उजेड-अंधाराच्या छटा) तीनच: उन्हातली भिंत कोरी, सावलीची मध्यम, दरवाजा गडद.
मग मिश्रण. जवळच्या सावलीत सिएना वरचढ, मध्यावर सिएना आणि निळा निम्मे-निम्मे, टोकाला निळा जास्त आणि पाणी भरपूर. वाळल्यावर रंग फिका होतो, म्हणून त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघा. ऑकर पहिल्याच वॉशमध्ये (पातळ थरात) लावा. गडदावर चढवला तर खडूसारखा दिसतो. आणि तिन्ही रंग ओल्यात घोटू नका, चिखल होईल.

चौकट
थोडा मतभेद. लांबचं ते निळंच, हा नियम डोळे झाकून लावू नये. सूर्य समोर असेल आणि हवेत धूळ असेल तर गल्लीचं टोक ऑकरकडे झुकतं आणि जवळची सावली उलट थंड दिसते. दोन्ही वेळी कमी होतो तो कॉन्ट्रास्ट. आधी ऊन कुठून येतंय ते ठरवा.

रंगपेटी
कोन 70 भरला! ऊन पाठीमागून आहे, म्हणजे निळाच. एक राहिलं: गल्ली पुढे उतरती आहे. रस्त्याच्या कडा त्याच बिंदूकडे न्यायच्या का?

ड्रॉइंगपिन
नाही. खिडक्या, वासे, जोत्याचा माथा हे सगळं आडव्या पातळीत, त्यांचा बिंदू क्षितिजरेषेवर. उतरत्या रस्त्याचा बिंदू त्याच्याच बरोबर खाली, उभ्या रेषेत. चढ असता तर वर गेला असता. किती खाली ते उताराप्रमाणे, इथे 2 इंच घेऊन बघा. उताराकडे जोतं रस्त्यापासून उंच होत जाईल, तिथे एखादी पायरी वाढवावी लागेल.