आल्डो व्हॅन आइक: अनाथालय मोठं की वाळूचे हौद?

चिंचोका:
आर्किटेक्चरच्या वर्गात डच वास्तुविशारद आल्डो व्हॅन आइक (१९१८–१९९९) म्हटलं की त्याने ॲमस्टरडॅममध्ये बांधलेल्या अनाथालयाची स्लाइड लागते. दोन मिनिटं घुमट बघायचे, की पुढचा डच माणूस. मला विचाराल तर त्याचं खरं काम अनाथालयाआधीच सुरू झालं होतं. १९४७ मध्ये महापालिकेच्या नगररचना विभागात नोकरीला असताना त्याने बर्टेलमानप्लाइन या चौकात मुलांसाठी पहिली खेळायची जागा केली. रुंद काँक्रीटच्या कठड्याचा वाळूचा हौद, आत चार गोल दगड, पलीकडे लटकायला धातूच्या दांड्या. संपलं. कुंपण नाही, हत्ती-घोड्याच्या आकाराचं एकही खेळणं नाही. हौदसुद्धा मधोमध नाही, मुद्दाम कोपऱ्यात. १९७८ पर्यंत अशा ७००हून जास्त जागा झाल्या. एका माणसाने अख्ख्या शहराचं बालपण आखलं!

उंबरा:
साफ अमान्य. हौद आणि दांड्या हा त्याचा रियाज होता, मैफल म्हणजे १९६० चं अनाथालय. ते १२५ मुलांसाठी, वयाप्रमाणे आठ गट, प्रत्येकाचं वेगळं घर आणि अंगण, आणि सगळ्यांना जोडणारी आतली गल्ली. ती गल्ली त्याने रस्त्यासारखी ठेवली, दिवेसुद्धा रस्त्यावरच्यासारखे. बाहेरून आत एकदम यायचं नाही, थबकत यायचं. घर हे लहान शहर आणि शहर हे मोठं घर, असं तो म्हणायचा ते इथे पायाखाली कळतं. पुढच्या पिढीतला डच वास्तुविशारद हर्मन हर्ट्झबर्गर, त्याचं आपेलडोर्न गावातलं ऑफिस (१९७२) याच विचाराचं पुढचं पाऊल. वाळूच्या हौदातून कुठली परंपरा निघाली, सांगा.

आमस्टेलकाठ:
मी ॲमस्टरडॅममध्येच राहते, म्हणून जरा जमिनीवरचं. त्या ७०० पैकी मूळ रूपात फारच थोड्या उरल्यात. एकीवर लेकीला घेऊन गेले होते. दहा मिनिटांत "आई, घसरगुंडी कुठाय?" काँक्रीटचा कठडा आणि पळणारं चार वर्षांचं पोर, आईचा जीव टांगणीला. शेजारून गाड्या. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवर भाळणाऱ्यांनी एकदा पोर घेऊन या.

चिंचोका:
गाड्यांचं मान्य. १९४७ साली रस्ता रिकामा होता, कुंपण नसणं तेव्हा परवडायचं. पण घसरगुंडीवर एकच खेळ होतो: चढा, घसरा, परत रांगेत. दांडी मात्र कधी घर, कधी घोडा, कधी बाक होते. म्हणूनच त्याला हत्ती नको होता. हत्तीचा हत्तीच राहतो.

हिशेबनीस:
"एका माणसाने" हे खोडा आधी. त्याच विभागात याकोबा मुल्डर या वरिष्ठ नगररचनाकार होत्या, पहिल्या जागेची कल्पना त्यांच्याकडून आली. पुढे रहिवासी महापालिकेला पत्रं लिहायचे, आमच्याही गल्लीत करा म्हणून. मागणी लोकांची, जागा शोधायची खात्याने, आराखडा आल्डोचा. श्रेय वाटून द्या.
आणि जागा कुठून आल्या हेही बोला की. जुन्या शहरातल्या ज्यू वस्तीतली घरं दुसऱ्या महायुद्धात नाझींनी माणसं नेऊन रिकामी केलेली होती. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गारठलेल्या लोकांनी त्यांतली लाकडं जाळायला काढून नेली, घरं बसली. त्या भगदाडांपैकी काहींत पुढे वाळूचे हौद आले. मला ते बघून आनंदही होतो आणि पोटात खड्डाही पडतो. मुलांना जागा मिळाली हे खरं, पण तिथे कोण राहत होतं हे हौद सांगत नाही.

उंबरा:
हे वाचून थांबलो. तरी एक विचारतो. तिथे स्मारक उभारलं असतं तर मुलं रस्त्यावरच राहिली असती ना?

हिशेबनीस:
स्मारक कोण मागतंय? एक पाटी पुरे होती.

चिंचोका:
उंबरा, परंपरेचं म्हणालात. १९८० च्या दशकात तुमचं अनाथालय पाडायला निघाले होते, जगभरच्या वास्तुविशारदांनी ओरड केली म्हणून वाचलं. वाचलं खरं, पण तिथे आता ऑफिसं आहेत. मुलांसाठी बांधलेल्या घरात मूल नाही. आणि हौद उखडले तेव्हा ओरडायला कोणी वास्तुविशारद आला का? मला त्याचाच राग आहे.

उंबरा:
इमारत नव्या वापरात टिकली, हा तिचा गुण की दोष? गुणच म्हणेन. बाकी रागाचं कारण पटलं.

आमस्टेलकाठ:
काल आम्ही दोघी परत गेलो होतो. लेक दांडीला उलटी लटकली, शेजारच्या दोन डच पोरांनी तिला गुडघे अडकवायला शिकवलं. भाषा एकमेकांची कळत नव्हती. मी खाली हात पसरून उभी. चिंचोका, हसू नका, कुंपण हवंच.