डेलिली निवडताना रंगाआधी कळ्या मोजाव्यात
छायाचित्रातील रंग पाहून डेलिली या बागेतल्या फुलझाडाचे वाण निवडावेत, असे काहीजण सुचवतात. त्यात थोडी भर घालतो. डेलिलीचे प्रत्येक फूल साधारणपणे एकच दिवस टिकते, त्यामुळे एका दांड्यावर किती कळ्या धरतात आणि त्या दांड्याला किती फाटे फुटतात, हे मी रंगाच्या आधी पाहतो. दहा कळ्यांचा दांडा लवकर रिकामा होतो, पंचवीस कळ्यांचा कितीतरी दिवस फुलत राहतो. ‘स्टेला दे ओरो’ हा १९७५ सालचा ठेंगणा, सोनपिवळा वाण काहींना फारच सामान्य वाटतो (आणि तो दिसतोही सर्वत्र), परंतु एका हंगामात तो पुनःपुन्हा बहरतो, म्हणून वाफ्याच्या कडेला मी तोच लावीन. गडद लाल व जांभळ्या वाणांच्या पाकळ्या मात्र कडक उन्हात डागाळतात आणि दुपारपर्यंत भिजलेल्या कागदासारख्या लोळागोळा होतात, तेव्हा त्यांना सकाळचे ऊन व दुपारची विरळ सावली मिळेल अशी जागा द्यावी. हिवाळा कडाक्याचा असेल तर थंडीत पाने पूर्ण वाळून सुप्तावस्थेत जाणारे वाण सदाहरित वाणांपेक्षा अधिक भरवशाचे ठरतात. घरात मांजर असल्यास डेलिली टाळलेलीच बरी. तिच्या सेवनाने मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.